जुन्या भूतकथा ऐकताना भीती का वाटत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ज्या जुन्या, नावाजलेल्या भूतकथा वाचताना अंगावर काटा यायचा, त्याच ऑडिओवर ऐकताना मन पाच मिनिटांत भरकटतं. गाडी चालवताना, भांडी घासताना, अंथरुणात पडल्या पडल्या, सगळे प्रयोग करून झाले. मग दोष कथेचा, वाचणाऱ्याचा की तुमच्या कानांचा? ऐकायला सुरुवात कुठून करावी? आणि दहा वर्षांच्या लेकीला जवळ घेऊन स्वतःच वाचायचं ठरवलं, तर कसं वाचावं?

मी २२ वर्षं अभिवाचन करतो आहे, त्यातली १५ माइकसमोर. भूतकथा हा माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रांत. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून सविस्तरच लिहितो.

तुमच्या कानांत काही दोष नाही. कथांमध्ये तर नाहीच, कारण यातल्या कितीतरी कथा मुळात मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिल्या गेल्या. एम. आर. जेम्स यांचंच बघा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले हे मध्ययुगीन हस्तलिखितांचे नाणावलेले अभ्यासक. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी त्यांनी तिथल्या एका लहानशा मंडळापुढे स्वतः लिहिलेल्या दोन भूतकथा वाचल्या. पुढे नाताळच्या सुमारास असं वाचन करण्याचा पायंडाच पडला. मित्र खोलीत जमायचे. कथा कधीकधी अगदी शेवटच्या घटकेपर्यंत लिहून होत असायची. मग जेम्स हस्तलिखित घेऊन बाहेर यायचे, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचे आणि तेवढ्या उजेडात वाचायला बसायचे. कथांचं पहिलं पुस्तक आलं १९०४ मध्ये. म्हणजे त्यातल्या दोन कथा पुस्तकात येण्याआधी ११ वर्षं माणसांच्या कानांवर पडून गेल्या होत्या.

त्या खोलीत काय काय होतं ते लक्षात घ्या. एकच आवाज, एकच बैठक, आणि ऐकण्याखेरीज दुसरं काही करता येऊ नये इतका अंधार. कथा याच मापाने बेतलेली आहे. फोनवर ऐकताना आपण यातलं काहीच ठेवत नाही. कथा तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी ऐकतो, वेग वाढवतो आणि हात दुसऱ्या कामात असतात.

‘पहिली वीस मिनिटं काही घडतच नाही’ असं तुम्ही म्हणता. घडत असतं हो. १९२४ मध्ये एका संग्रहाच्या प्रस्तावनेत जेम्स यांनी आपली रीत सांगितली आहे. तिचा आशय असा, की आधी माणसं निवांत, आपापल्या कामात असलेली दिसावीत. त्या शांततेत अशुभ गोष्टीने हळूच डोकं वर काढावं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही येऊ नये इतपत, मग जरा आग्रहाने, आणि शेवटी तिने सगळी जागा व्यापावी. ही रीत त्यांनी स्वतः कशी वापरली त्याचा एक नमुना देतो. ‘ओ, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा. एक प्राध्यापक सुट्टीत समुद्रकाठी गॉल्फ खेळायला जायचं ठरवतो. निघण्याआधी जेवणाच्या टेबलावर गप्पा चालल्यात, आणि बोलता बोलता तो सांगतो की मिळालेली खोली दोन पलंगांची आहे. कुणीतरी म्हणतो, मग मी येतो सोबतीला. मग बोलणं दुसरीकडे वळतं.

हे वाक्य कानांवर पडलं तेव्हा तुम्ही नळ सोडून कढई घासत असाल, तर तो दुसरा पलंग तुमच्या डोक्यातल्या खोलीत आलाच नाही. पुढची सगळी कथा त्या रिकाम्या पलंगावर उभी आहे. काय होतं ते सांगत नाही, तुम्ही ऐकणार आहात. पण पुस्तकात असं काही निसटलं तर डोळा आपोआप दोन पानं मागे जातो. ऑडिओ मागे नेऊन ऐकण्याचे कष्ट कुणी घेत नाही, आणि मुळात काही निसटलंय हेच कळत नाही. तेव्हा सुरुवातीची वीस मिनिटं खोली नजरेखाली घालण्यासाठी आहेत असं समजून ऐका. दार कुठे, खिडकी कुठे, दिवा कुणाच्या हातात, घरात माणसं किती. मी तर नव्या कथेच्या पहिल्या ऐकण्यात डोळे मिटून खोलीचा नकाशा मांडतो. नकाशा मांडून झाला असेल तर पुढे एखादी वस्तू वीतभर सरकली तरी पोटात गोळा येतो.

आपल्याकडच्या ‘वेताळपंचविशी’त ऐकण्याचा हा करार किती नेमका सांगितलाय पाहा. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि तो वेताळ राजाच्या कानाशी गोष्ट सांगतोय. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’तही ही कथा आहे. लहानपणी मला त्यातली कोडी आवडायची. हे काम करायला लागल्यापासून मात्र त्या चालण्याकडे लक्ष जातं. काळोखी वाट, खांद्यावरचं ओझं, आणि कान सोडून दुसरं काहीच मोकळं नाही. भूतकथेला असा श्रोता हवा असतो. तुम्हाला प्रेत उचलायचं नाही, पण हातातलं काम तेवढं खाली ठेवा. चालताना ऐकलं तर एक वेळ चालेल, कारण पाय आपोआप पडतात. गाडी चालवताना तर भूतकथा नकोच. तिथे लक्ष रस्त्यावरच हवं आणि कथेला मिळेल ते उरलंसुरलं.

आता थांब्यांविषयी, म्हणजे वाचणारा मध्येच गप्प होतो त्या जागांविषयी. माझ्या मते तुमची भीती इथेच हरवली आहे.

जून १८१६. जिनिव्हा सरोवराकाठचं व्हिला दिओदाती. इंग्रज कवी बायरन आणि शेली, शेलीची अठरा वर्षांची प्रेयसी मेरी आणि बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला होता, त्यामुळे त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पावसाने घरात कोंडलेली ही मंडळी जर्मन भूतकथांचा फ्रेंच अनुवाद वाचून एकमेकांना घाबरवत होती. १८ जूनच्या रात्री बायरनने कोलरिजच्या ‘क्रिस्टाबेल’ या कवितेतल्या काही ओळी म्हटल्या. पुढे काय झालं ते पोलिडोरीच्या रोजनिशीत आहे. ओळी संपल्या. शांतता पसरली. आणि शेली एकाएकी किंचाळला, दोन्ही हात डोक्याला लावून, मेणबत्ती घेऊन खोलीबाहेर पळाला. पोलिडोरीने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मग इथर दिलं. मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) याच मुक्कामात रुजली म्हणून तो प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या नोंदीतला क्रम विसरता येत नाही. ओळी चालू होत्या तेव्हा शेली बसून होता. तो उठला शांततेत.

आवाज चालू असतो तोवर ऐकणारा त्या आवाजाच्या मागे चालत असतो. आवाज थांबला की पुढचं पाऊल त्याला स्वतः टाकावं लागतं, आणि ते कुठे पडणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिथे भीती तयार होते. वाचणाऱ्याने फक्त तेवढी जागा ठेवायची असते.

मी हे धडा बसून शिकलो. एका ठिकाणी कथा ध्वनिमुद्रित केली, ती भरली ३४ मिनिटं आणि जागा होती ३० मिनिटांची. एडिटर सज्जन माणूस. त्याने माझा एकही शब्द कापला नाही, फक्त थांबे आवळले. इथून एक सेकंद, तिथून दीड. चार मिनिटं अशी निघाली. मी घरी बसून ती कथा ऐकली तेव्हा शब्द न शब्द जागेवर होता आणि कथा गेलेली होती. जिन्यावरची पावलं थांबतात आणि दाराची कडी हलते, यांच्यामध्ये मी साडेतीन सेकंद ठेवले होते. त्यांचं झालं होतं अर्धं सेकंद. पावलं थांबली हे कानांनी टिपायच्या आत कडी हलून मोकळी.

तुमच्या फोनमध्ये हेच काम अ‍ॅप करत असण्याची शक्यता आहे. बऱ्याच अ‍ॅपमध्ये शांतता गाळण्याची सोय असते, पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये विशेषतः. बोलण्यामधल्या रिकाम्या जागा ओळखून ते त्या आपोआप आवळतं. बातम्या ऐकताना वेळ वाचतो, भूतकथेत प्राण जातो. ती सोय आधी बंद करा. वेग १ वर आणा. इंग्रजी कथावाचन साधारण मिनिटाला १५० शब्दांच्या आसपास चालतं. मराठीत शब्द लांब, त्यामुळे माझा नेहमीचा वेग ११० ते १२०, आणि भूतकथेच्या शेवटच्या टप्प्यात तो १०० च्याही खाली येतो. दीडपट वेगाने ऐकलं तर हा उतार तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. आवाज एकसारखा मोठा करून देणारी जी सुधारणा असते तीही काढा. कुजबुज आणि हाक एकाच पातळीवर आली की दोन्ही वाया जातात.

थांबा चांगला की वाईट हे ओळखण्याची एक खूण सांगतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात वाचणारा गप्प झाला तरी खोली चालू असते. कोणतीही खोली पूर्ण मुकी नसते. हवेचा, भिंतींचा, माणूस बसलाय याचा एक अगदी बारीक आवाज असतो. आम्ही मुद्रणाच्या सुरुवातीला किंवा शेवटी अर्धा-एक मिनिट काहीही न बोलता तो आवाज वेगळा टिपून ठेवतो आणि संकलनात थांब्यांच्या खाली तोच पसरतो. हे केलं नाही आणि तिथे नुसतं शून्य टाकलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं फोन अडकला. तो स्क्रीनकडे बघतो, आणि स्क्रीनकडे बघितलं की कथेतून बाहेर. त्यामुळे नवीन रेकॉर्डिंग निवडताना पहिला लांब थांबा कसा लागतो ते पाहा. त्यात वाचणारा अजून खोलीत आहे असं वाटलं पाहिजे.

हेडफोन की स्पीकर, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फरक पडतो. हेडफोनवर एकट्या माणसाचा आवाज दोन्ही कानांत सारखा येतो, त्यामुळे तो डोक्याच्या आत बोलल्यासारखा भासतो. काही कथांना हे शोभतं. ज्यात माणूस स्वतःच्याच मनाला घाबरतो अशा कथा, उदाहरणार्थ ले फानू यांची ‘ग्रीन टी’ (१८६९), जिच्यातल्या धर्मगुरूला त्याच्याखेरीज कुणालाच न दिसणारं एक माकड सोडत नाही, ती मी हेडफोनवरच ऐका म्हणेन. बाकी बहुतेकांसाठी एक साधा स्पीकर, तुमच्यापासून सहा-सात फुटांवर, आवाज इतका कमी की किंचित कान द्यावा लागेल. याने दोन गोष्टी साधतात. तुम्ही आपोआप स्थिर बसता. आणि तुमच्या खोलीतले खरे आवाज कथेत मिसळू लागतात. पडद्याची सळसळ, लाकूड करकरणं, वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी सरकवणं. हेडफोनने ही सगळी मदत बाहेर ठेवली जाते.

वाचणारा कसा पारखावा? सुरुवात ऐकून पारखू नका, सुरुवात सगळेच चांगली करतात. कथेच्या मध्यात जा आणि एखादा अगदी साधा, वर्णनाचा परिच्छेद दोन मिनिटं ऐका. टेबल, पत्र, चहा, हवामान. तिथेही आवाज खोल नेऊन, शब्द ओढून, घाबरवण्याचा सूर लागला असेल तर ते रेकॉर्डिंग सोडून द्या. त्या माणसाला शेवट माहीत आहे आणि तो तुम्हाला पदोपदी तेच सांगतो आहे. भूतकथा वाचणाऱ्याने पहिल्या पानावर पहिल्या पानाइतकंच माहीत असल्यासारखं वाचायला हवं.

हे मला ज्यांनी शिकवलं ते एक दृष्टिहीन श्रोते होते. वाचन संपल्यावर हात धरून म्हणाले, “तुम्ही फार छान वाचता, पण दार उघडायच्या आधी तुम्ही श्वास घेता. मला प्रत्येक वेळी कळत होतं की आता काहीतरी येणार.” मी घरी येऊन जुनी मुद्रणं काढली. खरंच होतं. प्रत्येक भयाच्या वाक्याआधी एक छोटा, तयारीचा श्वास. सात-आठ वर्षं मी ऐकणाऱ्यांना आधी सूचना देऊन घाबरवत होतो. तेव्हापासून मी श्वास एक वाक्य आधी, निरुपद्रवी जागी घेतो आणि भयाचं वाक्य उरलेल्या हवेवर वाचतो. त्याने आवाजही थोडा पातळ होतो, जो तिथे हवाच असतो.

डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ (१८६६) ही या पारखीसाठी उत्तम कथा आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, डिकन्स स्वतः बसलेल्या गाडीला स्टेपलहर्स्टजवळ अपघात झाला होता आणि दहा माणसं मेली होती. कथा सुरू होते ती थेट एका हाकेने. उंच दरडीवरून एक वाटसरू खाली रुळांजवळ उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याला हाक मारतो, “ए, खाली कोण आहे!” अशा धाटणीची. आणि तो सिग्नलवाला वर बघण्याऐवजी वळून बोगद्याच्या दिशेने बघतो. बस, एवढंच. या हाकेत भय घालून वाचणारे खूप ऐकले. ते चुकतात. हाक मारणारा रिकामटेकडा, मोकळ्या मनाचा माणूस आहे. त्याची हाक आपण रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला मारतो तशी हवी, मोकळी आणि थोडी आनंदी. हाक साधी असेल तरच सिग्नलवाल्याचं ते उलट दिशेला वळणं विचित्र वाटतं. लिब्रिव्हॉक्सवर (२००५ पासून स्वयंसेवक वाचक तिथे स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचून मोफत ठेवतात) अशा गाजलेल्या कथांची वेगवेगळ्या वाचकांची वाचनं मिळतात. दर्जा कमी-जास्त आहे, आणि म्हणूनच शिकायला बरं. पहिली तीन मिनिटं दोघा-तिघांच्या आवाजात ऐका. कुणाची हाक ऐकून तुम्हीही वर बघता आणि कुणाची ऐकून आधीच सावध होता, ते लगेच कळेल.

पार्श्वसंगीत आणि ध्वनिपरिणामांबद्दल मी एकांगी आहे, हे आधीच सांगतो. श्रुतिका हा वेगळा प्रकार आणि त्यात ते हवेतच. पण वाचनाच्या खाली वारा, घुबड आणि खर्जातला गुंजारव घालणं मला पटत नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) घ्या. रात्री म्हातारी अंथरुणात आहे, म्हातारा मेणबत्ती आणायला खाली उतरला आहे आणि दारावर टकटक होते. मूळ कथेत ती पहिली टकटक इतकी हलकी, इतकी चोरटी आहे की ऐकू आली की नाही याचीच शंका यावी. एका रेकॉर्डिंगमध्ये तिथे लाकडावर ठणठणीत तीन ठोके वाजतात. झालं. आता दाराबाहेर कुणीतरी आहे हे नक्की झालं, हात केवढा आहे तेही कळलं. लेखकाने शंका दिली होती, ध्वनिपरिणामाने खात्री दिली. वाचणारा जर ‘टकटक’ हा शब्दच आधीच्या शब्दांपेक्षा हळू म्हणाला, तर ऐकणारा मान वळवून ऐकायला लागतो. याहून जास्त काही नको.

दचकवणारा मोठा आवाजही याच कारणासाठी नको. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतोच, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मागे कथा नसली तरी ती होते. दोन सेकंदांत ती ओसरते आणि मग ऐकणारा पुढच्या दणक्याची वाट बघत बसतो, कथेची नाही.

सुरुवातीला काय ऐकावं? पहिली ‘सिग्नल-मॅन’, मग ‘मंकीज पॉ’. दोन्ही अर्ध्या-पाऊण तासात एका बैठकीत संपतात. तिसरी एम. आर. जेम्स यांची ती ‘व्हिसल’ची, म्हणजे शिट्टीची कथा, तिला तासभर हाताशी ठेवा. त्यानंतर ईडिथ व्हॉर्टन यांची ‘आफ्टरवर्ड’ (१९१०). त्यात सुरुवातीलाच सांगितलं जातं की या घरात भूत आहे, पण ते भूत होतं हे माणसाला नंतर कळतं, खूप नंतर. ऐकण्यासाठी ही कथा अप्रतिम आहे, कारण ऐकणाऱ्याचीही गत तीच होते. वाक्य निघून गेल्यावर त्याचा अर्थ पोहोचतो. हेन्‍री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) मात्र एवढ्यात नको. ती शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना हस्तलिखित वाचून दाखवण्यापासूनच सुरू होते, त्यामुळे ऐकण्यासाठी पहिली तीच सुचते. पण वाक्यं फार गुंतागुंतीची आणि लांबी काही तासांची. दोनदा वाचून मग ऐकलीत तर तिचं खरं रूप दिसेल.

आता घरी वाचण्याविषयी, आणि मराठीत वाचणार असाल तर मला जास्तच आनंद आहे, कारण आपल्या भाषेत या कामाची दोन हत्यारं आयती आहेत.

एक म्हणजे आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि बहुधा नकारही. ‘समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस मघापासून श्वास घेत नव्हता.’ ‘घेत’पर्यंत सगळं आलबेल आहे. उलटतं ते शेवटच्या एका शब्दात. नवखा वाचक ‘नव्हता’च्या आधी थांबतो आणि त्या शब्दावर जोर देतो. तसं करू नका. वाक्य सरळ, बाकीच्या वाक्यांच्याच सुरात संपवा आणि थांबा त्यानंतर घ्या. ऐकणारा मनात मागे जाऊन वाक्य पुन्हा जुळवतो, त्याला तेवढा वेळ द्यायचा. इंग्रजीवरून स्वतः अनुवाद करून वाचत असाल तर वाक्यं फोडताना हा शेवटचा शब्द राखून ठेवा.

दुसरं हत्यार नपुंसकलिंग. जिन्यावर कुणीतरी आहे तोवर तो ‘तो’ असतो. ‘तो जिना चढत होता. वळणावर थांबला. मग ते पुन्हा चढू लागलं.’ एका अक्षराचा फरक, आणि माणूस होता त्याचं काहीतरी दुसरंच झालं. हिंदीत ही सोय नाही, तिथे सगळं पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी. मराठी वाचकाने ही ‘ते’ची जागा आधी पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि तिथे आवाजात काहीही करू नये. ‘ते’ नीट ऐकू गेलं की पुरे.

पेन्सिलीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. वाचायच्या आधी कथा दोनदा मोठ्याने वाचून घ्या, मनात नाही. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, लांब थांब्याला दोन. सगळ्या कथेत दोन रेघांच्या जागा पाच-सहाहून जास्त नकोत. दिवा तुमच्या खांद्यामागे, उजेड पानावर, चेहऱ्यावर नाही. जवळ पाणी असू द्या. कोरड्या तोंडाचे चटचट आवाज शांत खोलीत फार मोठे वाटतात.

लेकीसाठी ‘मंकीज पॉ’ नको. वरून ती इच्छा पुरवणाऱ्या वस्तूची गोष्ट वाटते, पण आतून ती आईबापांच्या शोकाची आहे, दहाव्या वर्षी तो शोक विनाकारण अंगावर येतो. एम. आर. जेम्स यांची ‘लॉस्ट हार्ट्‌स’ही नको. त्या कथेचा नायक जवळपास लेकीच्याच वयाचा मुलगा आहे आणि संकट मुलांवरचंच आहे. ऑस्कर वाइल्ड यांची ‘द कँटरव्हिल घोस्ट’ (१८८७) घ्या. त्यात भूतच बिचारं घरच्या मंडळींपुढे टेकीला येतं, आणि शेवटी एक पंधरा वर्षांची मुलगी त्याचं दुःख ऐकून त्याला सोडवते. माझ्या अनुभवात मुलं त्या शेवटाशी एकदम गंभीर होतात, आधीचं हसणं विसरून.

तिच्यासमोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे दोघं मिळून त्या गोष्टीकडे बघता. तिने हातावर हात ठेवला की वाचन थांबेल असं आधी ठरवा, आणि ठेवला तर खरोखर थांबा, वाक्य अर्धं असलं तरी. थांबवण्याचा हक्क हातात असलेली मुलं सहसा तो वापरत नाहीत. आणि कृपा करून मध्येच ओरडून तिला दचकवू नका. एकदा तसं केलंत की पुढच्या प्रत्येक कथेत ती गोष्ट ऐकणार नाही, तुमच्याकडे लक्ष ठेवून बसेल.

राहिलं एकच. अ‍ॅपवर ऐकत असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, नाहीतर शेवटच्या वाक्यावर लगेच जाहिरात किंवा दुसरी कथा येऊन आदळते. आणि स्वतः वाचत असाल तर शेवटचं वाक्य झाल्यावर पुस्तक मिटू नका, खोलीतला मोठा दिवाही लावू नका. मी मनात दहापर्यंत मोजतो. सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी जागेवर हलतं, कुणाचा तरी श्वास सुटल्याचा आवाज येतो. मग लावा दिवा.